चहावाल्या अनंतरावांचा डबा

कुणाविषयी लिहावं इतका मी मोठा नाही, आणि मराठीत लिहावं इतकी माझी मराठी पक्कीही नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालं. मराठी मला मायकडून मिळाली, आणि माय अंगठा उठवते. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मीच पहिला. त्यामुळे लिहिलेलं चुकलं तर दुरुस्त करून द्यायलाही घरात कुणी नाही.

इथं हैदराबादला आमच्या वसतिगृहातली मराठी मुलं दर वर्षी एक हस्तलिखित अंक काढतात. यंदा प्रत्येकानं आपल्या गुरुजींवर लिहावं असं ठरलं. मी नांदेडच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांवर लिहायला बसलो. दोन पानं झाली आणि मी ती फाडली, कारण लिहिताना सारखा दुसराच माणूस डोळ्यांपुढे येत होता. तो कुणाचा गुरुजी नव्हता. चहा कंपनीचा माणूस होता. त्याच्यावर लिहिण्याचा मला काय हक्क आहे, ते सांगता येत नाही. पण त्याच्यावर दुसरं कुणी लिहील असंही वाटत नाही. तेव्हा जमेल तसं लिहितो. क्षमा असावी.

नांदेडला मी मावशीकडे राहून शिकलो. मावशीच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत अनंतराव भाड्यानं राहत. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, काळी टोपी, कोटाची वरची गुंडी कायम तुटलेली. उजव्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, जुन्यावर नवे. ते किटलीचे. कपड्यांना कोळशाचा आणि उकळलेल्या चहाचा वास. मावशीचे यजमान, त्यांना मी काका म्हणतो, तहसिलीत कारकून होते. अनंतरावांचा विषय निघाला की ते म्हणत, "माणूस शरीफ हाय, पण काम काय, तर लोकांना फुकट पाजत हिंडायचं. याला काय नोकरी म्हणावं?"

नोकरी मात्र खरीच होती. मुंबईची एक मोठी चहा कंपनी होती. इंग्रजी मुलखात तिचा माल दुकानोदुकानी जाई, पण आमच्या मोगलाईत, म्हणजे हैदराबाद संस्थानात, चहा पिणारी घरं फार थोडी. करोडगिरीच्या नाक्यावर महसूल भरून माल आणायचा आणि तो दुकानात धूळ खात पडायचा, हे कंपनीला परवडणारं नव्हतं. म्हणून आधी पिणारी माणसं तयार करायची आणि मग माल आणायचा, असं कंपनीनं ठरवलं होतं. पिणारी माणसं तयार करणं हे अनंतरावांचं काम. कंपनीनं त्यांना एक मोठी पितळी किटली, शेगडी, एक फोनो, थोड्या तबकड्या आणि दोन बगळ्यांचं चित्र असलेले पत्र्याचे छोटे डबे दिले होते.

त्यांची बायको भोकरला भावाच्या घरी राही. अनंतराव महिन्यातले बहुतेक दिवस बाजार करत हिंडत, तेव्हा भाड्याच्या एका खोलीत तिला एकटीला ठेवायचं कसं? ते हसून म्हणत, "आमचं बिऱ्हाड भोकरला ठेव म्हणून ठेवलंय." हसत, पण तेवढं बोलून किटली घासायला घेत. किटली स्वच्छ असली तरी घेत.

कंपनीनं त्यांना शब्द दिला होता. नांदेडकडचा मुलूख झाला की लातूर-निलंगा, आणि तेही उघडून दिलं की लातूरची एजन्सी त्यांचीच. एजन्सी म्हणजे दुकान, दुकानामागं घर आणि घरात भोकरहून आणलेली बायको. हे त्यांनी मावशीला इतक्या वेळा सांगितलं होतं की घरात चुलाण कुठल्या कोपऱ्यात असावं यावर दोघांचं एकदा भांडणही झालं होतं.

मुदखेडच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. शाळेला सुट्टी होती आणि आगगाडीत बसायचा मोह होता. बाजाराच्या कडेला लिंबाखाली त्यांनी शेगडी पेटवली, फोनोला चावी दिली आणि गाणं सुरू झालं. बघता बघता माणसं जमली. पण किटली उकळून तयार झाली तरी कुणी पुढे येईना. एकाच कपातून कोण पिणार? त्या कपाला आधी कुणाचं तोंड लागलं असेल? अनंतरावांना हे ठाऊक होतं. कंपनीनं दिलेले कप त्यांनी कधी पेटीतून बाहेरच काढले नाहीत. ते ओरडत, "आपापलं भांडं आणा! ज्याचं त्याचं भांडं, चहा आपला!"

मग भांडी आली. पितळी तांबे, काशाच्या वाट्या, गाडग्याचे तुकडे, नारळाच्या करवंट्या. अनंतराव किटली उंच धरत आणि वरून धार सोडत. तांब्यातही तितक्याच उंचीवरून, करवंटीतही तितक्याच उंचीवरून. गावच्या पाटलाला ते रुचलं नाही. "जरा खाली घ्या की किटली, आमी काय म्हारं हाव?"

"किटली खाली घेतली की भाप हातावर येते, पाटील," अनंतराव मनगट दाखवत म्हणाले. "बघा हे डाग."

पाटील निमूट प्याले. परतताना मी त्यांना म्हणालो की तुम्ही फार मोठं काम केलंत. मी तेव्हा सुधारणेवरची पुस्तकं वाचत असे. ते माझ्यावर चिडलेच. "मला सुधारक-बिधारक म्हणू नको. करवंटीवाला उद्या पैशाची पुडी घेईल, म्हणून त्याला पाजलं. कंपनीला सगळ्यांची तोंडं सारखी. माझंबी तेच."

पण त्या दिवशी पुडी कुणीच घेतली नाही. गाणं संपलं, चहा संपला, लोक भांडी घेऊन गेले. बरेच बाजार असंच झालं. भोकरच्या बाजारात एक शेतकरी तावातावानं आला. आधीच्या बाजाराला त्यानं कशी कोण जाणे, एक पुडी विकत घेतली होती.

"सायबा, तुमचा पाला खोटा हाय."

"काय झालं दादा?"

"तुमी म्हनला थकवा जातो. दोन दिस बैलाला पाजला. बैल अजून बसूनच हाय."

जमलेले सगळे हसले. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला शेजारी बसवून घेतलं, बैलाची चौकशी केली आणि विचारलं, "घरी कुणीच प्यालं नाही?"

"घरी कोन करनार? बायकांला काय ठावं हाय?"

परत आल्यावर अनंतराव मावशीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून म्हणाले, "वहिनी, मी येडा हाव. गिऱ्हाईक लिंबाखाली नाहीच. ते चुलीपुढं बसलेलं असतं आणि मी बाजारात गाणं वाजवून राहिलो."

मावशी भाकरी थापत होती. तिनं शेजारचा एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आठवड्यापूर्वी अनंतरावांनीच त्यात थोडा चहा घालून तिला दिला होता. डब्यात आता भाजलेले शेंगदाणे होते.

"हे काय?"

"तुमचा डबा. रिकामा कसा द्यावा?"

अनंतराव त्या डब्याकडे बघतच राहिले. शेंगदाणे त्यांनी खाल्ले नाहीत. डबा तसाच खोलीत नेला. त्यांच्या नोकरीतला सगळा बदल त्या डब्यानं केला, आणि पुढे सगळा घातही त्यानंच केला.

तेव्हापासून बाजारातला फोनो मागं पडला. ते गावात जात, वेशीवरच्या विहिरीवर हातपाय धूत, जोडे काखेत मारत आणि घरोघरी दारात उभे राहत. डब्याच्या तळाशी मूठभर चहा असे. करायचा कसा ते बाहेरूनच सांगत आणि म्हणत, "डबा पुढच्या खेपेला नेईन." एवढंच. विकायचं नाव नाही.

पुढच्या खेपेला डबा तयार असे, आणि रिकामा कधीच नसे. कुणी डाळ, कुणी करडी, कुणी गुळाचा खडा. डबा भरून दिला की बाईला दोन शब्द बोलावे लागत. गोड झाला का, कडू झाला का, सासरा काय म्हणाला. अनंतराव तो ओतून घेत आणि त्यात पुन्हा मूठभर चहा घालून देत. मग तिला पुन्हा काहीतरी द्यावं लागे. अशा थोड्या खेपा झाल्या की ते एके दिवशी डबा न देता म्हणत, "आता गावच्या दुकानात ठेवलाय." त्या आठवड्यात दुकानातल्या पुड्या संपत.

ते मला एकदा म्हणाले, "किसन, तू शिकून राहिलास म्हणून सांगतो. फुकटाला माणूस भुलत नाही. फुकटाची त्याला लाज वाटते. त्या लाजेलाच आपण पकडायचं." मग म्हणाले, "हे चांगलं काम नाही."

मला वाटलं ते आणखी बोलतील. ते किटली घासायला उठले.

लातूरला बदली झाल्यावर निलंग्याकडच्या खेड्यांत त्यांना ओळख हवी होती. माझं गाव तिकडचंच. मी मायला निरोप धाडला आणि आमच्या गल्लीत बगळ्याच्या चहाचा पहिला डबा आमच्या घरात आला. मायला अनंतरावांचं फार कौतुक. एवढा टोपीवाला माणूस, पण जोडे बाहेर काढतो, आक्का म्हणतो, तिच्या हातचं खातो. दर वेळी ती डबा काठोकाठ भरून देई, वरून पदरातलं आणखी घाली. आमची शेती थोडी. तेवढी तूर तिला जड होती, हे मला कळत असे. पण तिला थांबवायची माझी काय, बापाचीही छाती नव्हती.

सुट्टीत मी घरी असताना एकदा ते आले. पूर्वी आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देत. आता मायनं चहा ठेवला. म्हैस आटलेली होती. घरात वाटीभर दूध होतं, धाकट्या बहिणीसाठी राखलेलं. मायनं ते चहात ओतलं. बहीण चुलीपाशीच बसली होती. ती रडली नाही, फक्त वाटीकडे बघत राहिली. अनंतरावांनी ते पाहिलं. उचललेला पेला खाली ठेवला.

"काय झालं? गोड कमी हाय का?" माय म्हणाली.

"नाही आक्का. बराबर हाय." त्यांनी पेला उचलून एका दमात संपवला, जीभ भाजली असणार.

त्यांना वेशीपर्यंत पोहोचवायला गेलो तेव्हा ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "झालं. तुझं घर गिऱ्हाईक झालं." हे कंपनीच्या माणसानं आनंदानं म्हणायचं वाक्य होतं.

लातूरच्या त्यांच्या खोलीत धान्याची पोती साठत चालली होती. विकायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही. "घर मांडलं की पहिलं दळण याचंच," ते म्हणत. "गावोगावच्या बायांनी ओटी भरल्यासारखं हाय हे. भोकरवाली आली की तिच्यापुढं पोती सोडीन आणि म्हणीन, बघ, तुझा नवरा नुसता हिंडत नव्हता."

मग मुंबईहून इन्स्पेक्टर आला, एजन्सी कुणाला द्यायची ते ठरवायला. तो पुण्याकडचा मराठी माणूस होता. अनंतराव त्याला हौसेनं आपल्या खोलीवर घेऊन गेले. त्यानं पोती बघितली.

कंपनीचा नियम साधा होता. डब्यातला चहा नमुन्याचा, तो फुकटच वाटायचा. त्याच्या बदल्यात काही घेणं म्हणजे कंपनीचा माल चोरून विकणं. अनंतरावांनी त्याला मावशीच्या शेंगदाण्यांपासून सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या ओळखीच्या नव्हे, मी म्हणेन त्या गावी जाऊ." त्यानं यादीतलं एक नाव दाखवलं. ते आमचं गाव निघालं. अनंतरावांना बरंच वाटलं असेल. आक्का आहे, ती सांगेल.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी ओसरीवर बसलो होतो. मोटार वेशीवर थांबल्याचा गलबला झाला आणि मागोमाग दोघं आले. अनंतरावांचा चेहरा बघूनच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. इन्स्पेक्टरनं त्यांना दारातच सांगितलं, "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. बाईंनाच बोलू द्या."

मायनं ते ऐकलं. अनंतरावांची खाली घातलेली मान बघितली. कंपनीचा मालक आला आहे, सोबत आपला माणूस गुन्हेगारासारखा उभा आहे, एवढं तिला दिसलं. कशाचा गुन्हा असेल याचा विचार तिनं तिच्या परीनं केला. कुठला दुकानदार आपला माल फुकट वाटू देईल? तेव्हा हा बापडा माल फुकट उधळतो, अशी चुगली कुणीतरी केली असणार. दुसरं काय असेल?

"बाई, हा माणूस तुम्हाला चहा देतो?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"देतो की."

"फुकट देतो?"

माय ताठ झाली. "फुकट? फुकट कामून दिल? आमी काय फुकटखाऊ हाव का? डबा आला की मी काठोकाठ तूर भरून दिलेली हाय. कवा गूळ दिला. या घरातून एक डाव बी डबा रिकामा गेला न्हाई."

"म्हणजे दाणे देऊन चहा घेता."

"मंग! सायेब, कुनी तुमचे कान भरले आसतील तर ते साफ खोटं हाय. या मानसानं तुमच्या मालाचं नुसकान केलं न्हाई. पुरी गल्ली इचारा. एकाला जरी फुकट दिला आसंल तर मला म्हना."

"पुऱ्या गल्लीत असंच?"

"हाव. पुऱ्या गल्लीत."

मी मध्ये पडलो. म्हणालो, साहेब, ती किंमत नव्हे, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघितलं. तो दुष्ट नव्हता. "अरे, आमच्याकडेही देत नाहीत. चमचाभर साखर घालतात. काठोकाठ तूर नाही भरत. खोलीत पोती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." मग तो अनंतरावांकडे वळला. "आता बोला. बाई सांगतात ते खरं की खोटं?"

माय अनंतरावांकडे बघत होती. तिच्या तोंडावर अभिमान होता. गल्लीतल्या चार बायाही दारात येऊन थांबल्या होत्या. अनंतरावांनी एवढंच म्हणायचं होतं की आक्का चुकतात, मी त्यांना फुकटच दिलं. त्यांचं दुकान, मागचं घर, भोकरची बायको, सगळं त्या एका वाक्यावर होतं.

ते म्हणाले, "हाव. खरं हाय. आक्का खोटं बोलत नाहीत."

मायनं मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "चहा ठिवते, थांबा म्हन त्यांला. बरं झालं मी घरी व्हते, न्हाई तर बिचाऱ्याची नोकरी गेली आसती."

इन्स्पेक्टर चहाला थांबला नाही.

अनंतरावांची नोकरी गेली आणि एजन्सी लातूरच्या एका बड्या अडत दुकानदाराला मिळाली. त्यानं आयुष्यात एक किटली उकळली नव्हती. खोलीतली पोती कंपनीनं पुरावा म्हणून उचलली आणि नंतर त्याच अडतवाल्याच्या वखारीत उतरवली, असं ऐकलं. मात्र अनंतरावांची रीत कंपनीनं सोडली नाही. पगारी माणसं ठेवली, त्यांच्या हाती बगळ्यांचे डबे दिले आणि उदगीर-देगलूरपर्यंत घरोघरी धाडली. फक्त डब्यातलं धान्य आता ती माणसं गावातच ठेवून येत, कारण तसा नियम छापून दिला होता.

मी हैदराबादला निघालो तेव्हा लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, अनंतराव मला शेवटचे दिसले. ते एका कडबा-सरकीच्या दुकानात कामाला होते. एजन्सीचं दुकान बरोबर समोर. त्यावर दोन बगळ्यांचा भला मोठा फलक, दारात फोनो वाजत होता आणि एक माणूस ओरडत होता, "रिकामा डबा आणा, चहाची पुडी इनाम मिळवा!" फोनोवरची तबकडी मी ओळखली. मुदखेडला लिंबाखाली वाजलेली होती.

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या कॉलेजची चौकशी केली, खोलीचं भाडं विचारलं, पांघरूण जाड घे म्हणाले. कोटाची वरची गुंडी अजून तुटलेलीच होती. त्यांची बायको कुठे असते, हे मला विचारवलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "त्या दिवशी हे खोटं आहे असं तुम्ही का म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं होतं? तुझ्या मायला तिच्या दारात, चार बायांपुढं फुकटखाऊ म्हणायचं होतं?" ते समोर बघतच बोलत होते. "गावोगाव त्याच लाजेवर माझा धंदा चालला. ती खरी नव्हती म्हणून कसं सांगू?"

मी म्हणालो, माय अजून तुमची वाट बघते, तिला सगळं समजावून सांगतो.

"खबरदार," ते म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तिनं मला वाचवलं असं तिला वाटून राहिलंय ना? वाटू दे."

मग समोरच्या दुकानाकडे हनुवटी करून म्हणाले, "बघ, काय अक्कल हाय. रिकामा डबा मागून राहिले. आपल्याकडं रिकामा डबा कोण देईल?"

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. एक बाई आली. पदराखालून तिनं डबा काढला, उपडा करून आत काही नाही हे दाखवलं आणि पुडी घेऊन गेली. तिच्यामागं दुसरी. मग एक म्हातारी, तिच्या टोपलीत गल्लीभरचे डबे होते, एकावर एक रचलेले, सगळे रिकामे. अनंतराव एकेकीचा हात बघत होते. नंतर वळून सरकीच्या पोत्याचं तोंड शिवायला बसले. मी निघतो म्हणालो. त्यांनी मान हलवली, वर बघितलं नाही.

त्यांच्याविषयी यापुढचं मला काही ठाऊक नव्हतं. मायला मी आजवर सांगितलेलं नाही. गेल्या सुट्टीत बघितलं तर तिनं त्यांचा शेवटचा डबा तुरीनं भरून, फडक्यानं तोंड बांधून फळीवर ठेवला होता. "येतील तवा द्यायला," म्हणाली. तुरीला कीड लागली की ती वाळवते, निवडते आणि पुन्हा भरते.

हे लिहून होत आलं असतानाच मागच्या आठवड्यात काका तहसिलीच्या कामाला इथं आले आणि वसतिगृहात मला भेटून गेले. घरचं सगळं सांगून झाल्यावर, निघायच्या वेळी जोडे घालता घालता म्हणाले, "अरे, ते आपले चहावाले वारले. भोकरला, मेव्हण्याच्या घरी. तापानं. मावशी जाऊन आली."

मी विचारलं, मावशी काय घेऊन गेली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आमच्याकडे शेजारीपाजारी, ओळखीचे पिठलं-भाकरी करून नेतात.

"भाकरी आता कोण नेतंय?" काका म्हणाले. "तिथल्या गल्लीतल्या सगळ्यांनी चहाच नेला. हिनंबी तिथं शेजारच्या घरी करून किटलीभर नेला. ते बरं पडतं, कुणीबी घोटभर घेतं." जोड्याची नाडी बांधून ते उभे राहिले. "सुतकाचं घर. तिथून काय भरून देणार? किटली रिकामीच परत आली."